पायाला लागलेला चेंडू

हॉकीच्या सामन्यात मधल्या रेषेसमोर, मैदानाबाहेर एक टेबल मांडलेलं असतं. त्यावर दोन घड्याळं, एक शिट्टी, एक फाइल आणि पाण्याची बाटली. टेबलामागे एक माणूस बसलेला असतो, आणि सामना बघायला आलेल्यांपैकी कुणीही त्याच्याकडे बघत नाही. गेली वीस वर्षं इंदापूर आणि बारामती भागातल्या शालेय सामन्यांत तो माणूस बहुतेक वेळा मी असतो.

मी गणिताचा शिक्षक. हॉकी एकदाही खेळलेलो नाही. आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक मुलाणी सर एका सकाळी स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, "शिंदे सर, तुमच्या हातात घड्याळ हाय, डोक्यात पाढे हायत, आणि तुमी कुणाच्या बाजूचं न्हाय. टेबलावर बसा." मी एका दिवसासाठी बसलो. अजून उठलेलो नाही.

टेबलाचं काम सोपं आहे, फक्त चुकायचं नसतं. गोल कोणत्या मिनिटाला झाला, कुणी केला, कुणाला कार्ड दाखवलं, कोण बाहेर गेलं, कोण आत आलं, हे सगळं लिहायचं. वेळ संपली की शिट्टी वाजवायची. शिट्टीच्या आधी चेंडू रेषेपलीकडे गेला की नंतर, यावरून मी दोनदा शिव्या खाल्ल्या आहेत आणि एकदा माझी खुर्ची पळवली गेली आहे. एका सामन्यात पागोटंवाले एक आबा टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या नातवाचा फटका खांबाला लागून परत आला होता.

"लिवलं का, गुरुजी?"

"गोल झाला नाही, आबा."

"झाला न्हाय ते मलाबी दिसतंय. पर खांबाला तर लागला ना? पाव तरी लिवा."

पाव गोल लिहायची सोय कागदावर नसते, हे त्यांना समजावताना माझं एक कार्ड लिहायचं राहिलं होतं. त्या दिवसापासून मी सामना चालू असताना कुणाशी बोलत नाही.

सरकारी कागद भरून माझं समाधान होत नसे. म्हणून पहिल्याच वर्षी मी स्वतःची एक वही सुरू केली. प्रत्येक खेळाडूसमोर तीन रकाने: चेंडू मिळाला, पुढे दिला, गेला. प्रत्येक खुणेशेजारी मिनिट. वहीच्या उजव्या पानावर दोन्ही संघांना मिळालेले फ्री हिट आणि पेनल्टी कॉर्नर, तेही मिनिटासह. सामना संपला की मुलाणी सर वही मागत आणि मुलींना ओळीत बसवून वाचून दाखवत. "बघा, कोण किती उधळतंय ते. शिंदे सरांची वही म्हंजी पंचनामा हाय."

हळूहळू वहीचं नाव झालं. दुसऱ्या शाळांचे शिक्षक चहाला बोलावून आकडे विचारू लागले. मला ते आवडत असे, हे कबूल करायला हरकत नाही.

ऋतुजा आठवीत आमच्या शाळेत आली. ती पळसदेवची. वडील सोपानराव उजनीच्या पाण्यात मासेमारी करतात. पहिल्या दिवशी मुलाणी सरांनी तिला काठी देऊन पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या मुलीकडे चेंडू ढकलायला सांगितलं. तिनं ढकलला नाही. काठीच्या टोकावर अलगद उचलला, दोन बोटं वर उडवला, पुन्हा काठीवर घेतला आणि तसाच उडवत उडवत त्या मुलीपर्यंत पळत नेला.

"अगं, द्यायला सांगितला हुता, पोचवायला न्हाय!" मुलाणी सर ओरडले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे कुठं शिकली ही?"

कुठं शिकली ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. धरणाचं पाणी मागं सरकलं की पळसदेवला पाण्याखालचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि त्याच्याभोवती गाळाची सपाट जमीन लागते. वाळली की तिला भेगा पडतात, हाताचा पंजा जाईल एवढ्या. गावच्या शाळेत पडून असलेली एक मोडकी काठी सायकलच्या ट्यूबनं बांधून ऋतुजा तिथं एकटी खेळत असे. अशा जमिनीवर चेंडू सरळ ढकलला की दोन हातांवरच भेगेत बसतो. म्हणून तो उचलायचा, भेगेवरून टाकायचा, पलीकडे झेलायचा, पुन्हा वळवायचा. सपाट मैदानावर लोकांना जी करामत वाटे, ती तिची रोजची चाल होती.

लोक मात्र वेडे झाले. निमगाव केतकीला बाजाराच्या दिवशी आमचा सामना होता. भाजीच्या पिशव्या घेऊन माणसं रेषेवर उभी राहिली. समोरची मुलगी काठी आडवी टाकून बसली की ऋतुजा चेंडू काठीवरून उडवी, स्वतः वळसा घाली आणि पलीकडे त्याला गाठी. एकदा तिनं एकाच मुलीला दोनदा चकवलं, गरज नसताना, परत मागं येऊन. बाया हसल्या. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "आगं, तिला घरी तरी जाऊ दे!"

तिसऱ्या भागात तिनं आमच्याच अर्ध्यात असा खेळ केला, चेंडू घालवला, आणि त्यावर गोल झाला. आम्ही एका गोलनं हरलो. माझ्या वहीत तिच्या नावापुढे "गेला" या रकान्यात एकोणीस खुणा होत्या. बाकी कुणाच्याही सातच्या वर नव्हत्या.

मुलाणी सरांनी आकडा वाचला. ऋतुजा गुडघ्यावरचा मुरूम झाडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "सगळे गेलेले न्हाईत, सर."

"एकोणीस आहेत," मी म्हणालो. "मी स्वतः मोजलेत."

"मोजलं असतील. पर गेलेले न्हाईत."

"आकड्याशी वाद घालू नये, ऋतुजा."

ती पुन्हा मुरूम झाडू लागली. तिला काय म्हणायचं होतं, हे मी विचारलं नाही. वर्गात एखाद्या मुलीनं उत्तर चुकलेलं नाही असं म्हटलं, तर मी तिला फळ्याजवळ बोलावतो आणि पायऱ्या लिहायला लावतो. मैदानावर मला ते सुचलं नाही.

ती दहावीत असताना निवासी क्रीडा वसतिगृहाची निवड बारामतीला लागली. तिथं हिरवं कृत्रिम मैदान, रोज दोन वेळा प्रशिक्षक, राहणं, खाणं, शिक्षण सगळं. आमच्या भागातून आघाडीच्या दोन मुली घेणार होते. ऋतुजाचं वय त्या एका वर्षीच बसत होतं. पुढच्या वर्षी सहा महिन्यांनी जास्त भरलं असतं. मुलाणी सर आणि मी सोपानरावांची सही घ्यायला पळसदेवला गेलो. ते जाळ्याची भोकं शिवत बसले होते.

"तितं गेली तर पुढं खेळंल ना?" त्यांनी विचारलं.

"खेळेल."

"आन न्हाय घेतली तर?"

मुलाणी सर म्हणाले, "घेतील, सोपानराव. न घ्यायला आंधळं हायत का?"

निवडीसाठी तीन सामने झाले. समितीत तिघं होते. एक जागा पहिल्याच सामन्यात ठरल्यासारखी होती. दुसऱ्या जागेसाठी दोघींची नावं उरली: ऋतुजा आणि वरकुट्याची तेजश्री. तेजश्री शांत, नीटस खेळणारी मुलगी. चेंडू आला की दिला. समितीत एकमत होईना. एक जण म्हणाले, "ही मुलगी सर्कस करते." दुसरे म्हणाले, "सर्कशीला पण वाघ लागतो." शेवटी समितीच्या प्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. "शिंदे सर, तुमची वही काय म्हणते?"

मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती. तेजश्रीचे तीन सामन्यांत मिळून गेलेले चेंडू पंधरा. ऋतुजाचे एकतीस.

"दुप्पट," एक जण म्हणाले.

"दुपटीपेक्षा एक जास्त," मी म्हणालो.

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. नाव तेजश्रीचं गेलं.

मुलाणी सरांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी परत निघालो. निमगाव केतकीला आम्ही नेहमी चहाला थांबतो. त्या दिवशी त्यांनी गाडी थांबवली, पण चहा सांगितला नाही. हँडल धरूनच म्हणाले, "अठरा वर्सं पोरींना सांगतोय, चेंडू द्या, चेंडू द्या. एक पोर न देता खेळणारी आली, तर तिला काय सांगायचं हेच मला म्हाईत न्हाय." आणि गाडी सुरू केली.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात बसून वहीतले आकडे स्वच्छ कागदावर उतरवत होतो. ही माझी सवय. पत्नी शेंगा फोडत होती. तिला हॉकीतलं काही कळत नाही आणि माझ्याकडून कळून घ्यायची तिला कधी घाई नसते. पण ऋतुजाबद्दल मी चार दिवस बोलत होतो, म्हणून तिनं विचारलं, "म्हणजे त्या पोरीकडून चेंडू हिसकावून घेतात?"

"हिसकावून घेतात, बाहेर जातो, पायाला लागतो. कसाही. तिच्याकडून सुटला की गेला."

"कुणाच्या पायाला?"

"समोरच्या मुलीच्या."

"मग? पायानं खेळलं तर चालतं?"

"छे. पायाला लागला की तिची चूक. मग आपल्याला फ्री हिट मिळतो. गोलाच्या अर्धवर्तुळात लागला तर पेनल्टी कॉर्नर. त्यात गोल व्हायची सगळ्यात जास्त शक्यता असते."

तिनं एक शेंग फोडली. "म्हणजे चेंडू आपल्यालाच परत मिळतो. ते तुम्ही गेला म्हणून का लिहिता?"

मी पेन्सिल खाली ठेवली.

का लिहितो, याचं उत्तर होतं. अठरा वर्षांपूर्वी मुलाणी सर आणि मी रकाने ठरवले तेव्हा आमच्या मुलींचा चेंडू कुणाच्या पायाला लागला तर तो चुकून लागे, वर्षातून दहा-बारा वेळा. मुलीचं चेंडू नेणं तिथं संपे, म्हणून "गेला". त्यापुढे मिळालेला फ्री हिट मी उजव्या पानावर संघाच्या नावे लिहीत असे, खेळाडूच्या नावे नाही. डावं पान आणि उजवं पान मी कधी शेजारी ठेवून मिनिटं ताडून पाहिली नव्हती. गणित शिकवणाऱ्यानं करू नये अशी ही चूक आहे. एकच घटना दोन पानांवर होती, एका पानावर तोटा म्हणून आणि दुसऱ्यावर लाभ म्हणून.

मी ताडून पाहायला बसलो. ऋतुजाच्या एकतीस खुणांपैकी अठरा खुणांचं मिनिट उजव्या पानाशी जुळलं. अकरा फ्री हिट, सात पेनल्टी कॉर्नर. सातांतून तीन गोल. खरोखर गेलेले चेंडू तेरा. तेजश्रीच्या पंधरापैकी एक जुळला, तिचे चौदा. फरक एकाचा.

अठरा वेळा चुकून होत नाही. समोरून कुणी जोरात पायावर चेंडू मारला तर पंच उलटा निर्णय देतात. ही तसं करत नव्हती. डावीकडे जायचं नाटक करी, समोरची मुलगी पाय रोवी, आणि त्याच पायाखाली ही चेंडू हळूच सरकवी. ज्याला मी दिखाऊपणा समजत होतो, त्यातला निम्म्याहून जास्त भाग हा होता. आणि तिनं मला ते निमगावलाच सांगितलं होतं.

"जेवून घ्या," पत्नी म्हणाली. मी मिनिटं पुन्हा एकदा जुळवायला घेतली.

सोमवारी मी रजा टाकून बारामतीला गेलो. समितीच्या प्रमुखांसमोर दोन्ही पानं ठेवली आणि मिनिटं दाखवली. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते.

"यादी वर गेली, शिंदे सर."

"माझा आकडा चुकीचा होता. मी तसं लिहून देतो."

"द्या. मग मी कुणाचं नाव काढू? त्या वरकुट्याच्या मुलीचं? तिच्या घरी पेढे वाटून झालेत. आणि तुमच्याच आकड्यानं ती फक्त एकानं मागं आहे. एकानं."

तेजश्रीची काहीच चूक नव्हती. तीही गुणी मुलगी होती. मी एवढंच म्हणालो की ऋतुजाचं नाव निदान राखीव म्हणून पहिलं लिहावं. ते त्यांनी केलं. मी सहीनिशी लिहून दिलं की निवड सामन्यांची माझी नोंद सदोष होती आणि दोष माझा होता. कागद हातात घेऊन ते म्हणाले, "हे दिल्यावर तुमच्या वहीला कोण विचारणार?"

"तेच बरं," मी म्हणालो. तेव्हा ते खरं वाटलं. परतीच्या एसटीत तेवढं खरं वाटलं नाही.

इंदापूरला उतरून मी घरी गेलो नाही, पळसदेवला गेलो. उन्हाळ्याची सुरुवात होती, पाणी उतरलं होतं, देऊळ कंबरेपर्यंत वर आलं होतं. ऋतुजा गाळाच्या जमिनीवर होती. मला बघून तिनं चेंडू काठीखाली दाबून धरला. मी सगळं सांगितलं. एकतीस, अठरा, तेरा, चौदा, यादी, राखीव. न लपवता सांगितलं, कारण दुसरं कसं सांगायचं ते मला येत नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी म्हणलं व्हतं की, सर."

"हो. म्हणाली होतीस."

"तवा तुमी म्हणला, आकड्याशी वाद घालू न्हाय."

"हो."

तिनं डोळे पुसले, माझ्यासमोर पुसले, लपवून नाही. मग चेंडू पुढं घेतला. "हुबं ऱ्हावा. चप्पल काढा. आडवा मला."

"मला येत नाही गं."

"म्हनूनच."

मी पन्नाशीचा माणूस, पँट दुमडून भेगाळलेल्या गाळात उभा राहिलो. ती पळत आली. डावीकडे जाणार हे मला स्पष्ट दिसलं. मी डावा पाय टाकला. चेंडू माझ्या घोट्याला टक्कन लागला.

"पाय!" ती ओरडली. पुन्हा आली. या वेळी उजवा. "पाय!" पाच वेळा केलं, पाचही वेळा माझा पाय जिथं पडायला हवा तिथंच पडला. म्हणजे तिला हवा तिथं. पाचव्या वेळी मी खाली बसलो आणि ती हसली. सोपानराव होडीपाशी उभे होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुमाला तर तिनं पार जाळ्यात घेतलं."

घोटा चार दिवस सुजला होता.

वसतिगृहातून बोलावणं आलं नाही. कुणीच मुलगी परत आली नाही, आणि यावी अशी इच्छा करणंही बरं नव्हतं. तेजश्री तिथं चांगली खेळते, मी चौकशी करत असतो. ऋतुजानं इंदापूरला अकरावीला नाव घातलं. मुलाणी सर तिला आमच्याच मुरमाच्या मैदानावर शिकवत राहिले, आणि माझ्या मते तेही शिकत राहिले. आता ते मुलींना "द्या" एवढंच म्हणत नाहीत. "द्या, न्हाय तर समोरचीचा पाय काढा" म्हणतात. पण हिरव्या मैदानावर चेंडू वेगळा पळतो. रोज दोन वेळा तिथं खेळून जे अंगात भिनतं, ते तिच्यापासून दोन वर्षं लांब राहिलं, आणि त्याला कारण माझी वही होती.

मला वर्षभर निवडीच्या टेबलावर कुणी बोलावलं नाही. नंतर पुन्हा बोलावू लागले. वेळेवर येणारा आणि कुणाच्या बाजूचा नसलेला माणूस मिळत नाही, असं मुलाणी सर म्हणतात. वहीत आता चार रकाने आहेत. चौथ्यावर "पाय" असं ऋतुजानंच लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात, रेषेच्या बाहेर जाऊन.

यंदा बारामतीला जिल्ह्याच्या महिला संघाची खुली निवड झाली. त्याला वयाची अट नव्हती. पहिल्याच भागात ऋतुजानं अर्धवर्तुळाच्या कडेला एका उंच मुलीसमोर चेंडू डावीकडे दाखवला. मी टेबलामागे बसून तो डावा पाय उचलला जाताना पाहिला आणि माझा घोटा आपोआप आत वळला. पंचांनी पेनल्टी कॉर्नरचा हात केला. बाकीच्या मुली जागा घ्यायला पळाल्या. ऋतुजा मात्र पळाली नाही. ती वळून टेबलाकडे बघत उभी राहिली.

मी चौथ्या रकान्यात खूण केली, शेजारी मिनिट लिहिलं, आणि तिला दिसेल अशी पेन्सिल वर धरली. मगच ती कॉर्नरला गेली.

संध्याकाळी यादी लागली. तिचं नाव वरून तिसरं होतं. मी दोनदा मोजलं.